नागपूरच्या मनीषनगरमधलं केबल कनेक्शन, क्रिकेट बघणाऱ्या घरातला दहा महिन्यांचा अनुभव

2025 च्या जानेवारीत आम्ही नंदनवनचं घर सोडून मनीषनगरला राहायला आलो तेव्हा बाबांनी सामान लागायच्या आधी एकच गोष्ट विचारली, केबल कधी लागणार. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत, वय 74, आणि क्रिकेट त्यांच्यासाठी टाइमपास नाही, दिवस त्यावर चालतो. त्यामुळे हा रिव्ह्यू सिरियल बघणाऱ्यांसाठी नाहीच, मॅच बघणाऱ्यांसाठी लिहून राहिलो. केबलवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीतली बरीचशी त्याच्या हातातली नाही हे मला हळूहळू समजलं, आणि जे त्याच्या हातात होतं ते त्यानं बऱ्यापैकी केलं.

कनेक्शन लागायला दोन तास लागले. केबल लावणारा मुलगा अ‍ॅक्टिव्हावर वायरचं भेंडोळं घेऊन आला, गच्चीवरून वायर खाली सोडली, खिडकीच्या चौकटीला ड्रिल न मारता जुन्याच छिद्रातून आत घेतली, हे मला आवडलं. बॉक्स साधा एसडी दिला, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्राचा. पॅक कोणता हवा म्हणून विचारलं तर म्हणे काका, हा 340 रुपयेवाला घ्या, सगळं येते यात. बाबांनी विचारलं, क्रिकेट येते का? तो म्हणाला येते. आम्ही हो म्हणून टाकलं.

6 फेब्रुवारीला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती. आमच्या घरापासून वर्धा रोडनं सरळ जा, मोजून काही किलोमीटर. दुपारी दीडची मॅच, एक वाजेपासून त्या बाजूला ट्रॅफिक जाम, गच्चीवर उभं राहिलं तर निळे टी-शर्ट घातलेली पोरं बाइकवर जाताना दिसत होती. बाबांनी टीव्ही लावला आणि स्क्रीनवर आलं की हे चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही, खाली एक नंबर. म्हणजे 340 मध्ये जे क्रिकेट येत होतं ते जुन्या मॅचेस दाखवणारं एक चॅनल होतं, लाइव्ह नाही. बाबा म्हणाले दूरदर्शन लाव, वनडे आहे, दूरदर्शनला द्यावीच लागते. लावलं, तिथं दुसराच कार्यक्रम चालू. तेवढ्यात उमरेडहून काकांचा फोन, त्यांच्याकडे दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे, महिन्याचं बिल शून्य, आणि ते डीडी स्पोर्ट्सवर आमच्याच गावातली मॅच बघत होते. बाबा मला विचारतात, काहून बे, सरकारी चॅनल तेच, मॅच तीच, त्यांना दिसते आणि आपल्याला नाही, हे कसं?

तर ते असं आहे, मी त्या दिवसानंतर बसून समजून घेतलं. 2007 चा एक कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचेसचा सिग्नल खाजगी चॅनलनं प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचा, भारताच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. पण ऑगस्ट 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा सिग्नल दूरदर्शननं फक्त स्वतःच्या अँटेनावाल्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा, केबलवाल्याच्या वायरीतून तो जाणार नाही. कारण हक्क विकत घेणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात. म्हणून केबलवर दूरदर्शन दिसते पण मॅच सुरू झाली की तिथं दुसरं काहीतरी लागते. कंपनीची बाजू मला कळते, 2023 मध्ये बीसीसीआयचे भारतातल्या मॅचेसचे हक्क पाच वर्षांसाठी 5963 कोटींना गेले, 88 मॅचेस, म्हणजे एका मॅचला जवळपास 68 कोटी. तो पैसा कुठून तरी वसूल होणारच. पण केबल घेणारा माणूस महिन्याला पैसे भरतो आणि त्याच्याच टीव्हीवर सरकारी चॅनलची मॅच झाकली जाते, हे बाबांना मी आजही नीट समजावू शकलो नाही. ते म्हणतात 1993 च्या हिरो कपात सेमीफायनलला सचिननं शेवटची ओव्हर टाकली, साउथ आफ्रिकेला सहा पाहिजे होते, तीनच दिले, ती अख्ख्या मोहल्ल्यानं दूरदर्शनवर एका टीव्हीसमोर बसून पाहिली. गंमत म्हणजे त्याच हिरो कपाच्या हक्कांवरून दूरदर्शन आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेचं भांडण कोर्टात गेलं आणि 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रक्षेपणाच्या या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मग केबलवाल्याला फोन केला. त्यानं वाद घातला नाही. म्हणाला काका व्हीसी नंबर, म्हणजे बॉक्सच्या कार्डाचा नंबर, पाठवा, बॉक्स चालू ठेवा, त्याच चॅनलवर ठेवा, मी कमांड मारतो. दहा मिनिटांत चॅनल लागलं, इंग्लंडची बॅटिंग अर्धी निघून गेली होती पण गिलचे 87 पूर्ण पाहायला मिळाले आणि आपण चार विकेटनं जिंकलो. पैसे त्यानं पुढच्या महिन्यात घेतले. सर्व्हिसला मी यासाठी पूर्ण मार्क देतो.

पॅकला मात्र नाही. 2019 च्या 1 फेब्रुवारीपासून ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला तेव्हा सांगितलं होतं की आता जे चॅनल बघाल त्याचेच पैसे द्याल. आधी नंदनवनला आम्ही 250 देत होतो आणि सगळं दिसायचं, कोणतं चॅनल कोणाचं हे कधी बघावं लागलं नाही. नियमानं आलं 130 रुपये नेटवर्कचं भाडं, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे नुसत्या वायरीचे, पेड चॅनल त्यावर. आता तर जुलै 2024 पासून या 130 ची मर्यादाही काढून टाकली, आमच्याकडे अजून तेवढंच लावतात ही चांगली गोष्ट. पण सुटं चॅनल घ्यायला गेलं की कळते सुटं महाग आणि गठ्ठा स्वस्त असा हिशोब बसवलेला आहे. चॅनल गठ्ठ्यात टाकायचं असेल तर त्याची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून स्पोर्ट्सच्या मोठ्या चॅनलची किंमत बरोबर 19 वर जाऊन बसते आणि त्याच गठ्ठ्यात तुम्ही कधीच न बघणारी दहा-बारा चॅनल गळ्यात येतात. आमच्या 340 च्या पॅकमध्ये दोन भाषांची सिनेमाची चॅनल होती ज्या भाषा घरात कोणालाच येत नाहीत.

आणि एका गठ्ठ्यानं भागत नाही, खरी अडचण ही आहे. 2025 या एकाच वर्षात बघा. इंग्लंडची टीम इकडे आली तेव्हा मॅच एकीकडे. आपली टीम जूनमध्ये इंग्लंडला गेली तर टीव्हीवर सोनी. सप्टेंबरमध्ये आशिया कप, परत सोनी. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया दौरा, तो स्टारवर. आयपीएल स्टारवर. आयसीसीची स्पर्धा स्टारवर. मॅच ज्या देशात होते त्या देशाचं बोर्ड आपले हक्क विकते, म्हणून टीम तीच, खेळाडू तेच, आणि चॅनल विमानासोबत बदलते. 74 वर्षांच्या माणसानं हे लक्षात ठेवायचं? बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून ठेवलंय, महिना, दौरा, चॅनलचा नंबर. आणि तो नंबरही केबलवाल्याकडे एकदा बदलला तेव्हा त्यांनी खोडून परत लिहिला.

बॉक्सचं सांगतो. एसडी बॉक्सवर 43 इंची टीव्हीवर टेस्ट मॅच बघणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. लाल बॉल बॅटला लागला की पुढे कुठे गेला ते फिल्डर पळायला लागल्यावरच समजायचं, स्पिनरच्या बॉलची शिवण तर दिसतच नाही, आणि खाली स्कोअरच्या पट्टीची डावी बाजू कापलेली, म्हणजे ओव्हर कितवी ते दिसायचं पण बॅट्समनचं नाव अर्धं. बाबांना वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला. आयपीएलच्या आधी 600 रुपये देऊन एचडी बॉक्स बदलून घेतला, पहिल्याच दिवशी बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, अरे गवत दिसते. एचडी चॅनल वेगळं मोजावं लागते हे खरं, पण तुम्ही टेस्ट बघणारे असाल तर दुसरं सगळं कापा आणि एक एचडी चॅनल घ्या, हा माझा प्रामाणिक सल्ला आहे. आणि केबलवाल्या मुलाला पट्टी कापली जाते ते सांगा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा साइज बदलला की होते, आम्हाला दोन महिने कोणी सांगितलं नव्हतं.

आता लोक म्हणतात अ‍ॅप घ्या, केबल कशाला. मीही घेतलंय. 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, मग दोन कंपन्या एक झाल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि तेव्हा मोबाइलचा प्लॅन तीन महिन्यांचा 149 होता. पैशाचं मी काही म्हणत नाही. पण अ‍ॅपवर बॉल उशिरा येते. आमच्या खालच्या मजल्यावर केबल, समोरच्या बिल्डिंगमध्ये अ‍ॅपवाले, विकेट पडली की खालून ओरडा येते, आणि समोरचे बरेच सेकंद चूप असतात, मग ओरडतात. ज्याचा मॅचवर जीव आहे त्याला हे चालत नाही. शिवाय दुपारी नेट गेलं की संपलं, आणि बाबांना टीव्हीच्या रिमोटनं एक-एक अक्षर निवडत पासवर्ड टाकणं जमत नाही, मी ऑफिसमधून फोनवर सांगत बसतो, वर जा, उजवीकडे जा, ओके दाबा, नाही बाबा ते बॅक झालं.

पण अ‍ॅपशिवाय एक गोष्ट झालीच नसती हेही खरं. 26 फेब्रुवारीला महाशिवरात्रीच्या दिवशी जामठ्याला रणजीची फायनल सुरू झाली, आपला विदर्भ आणि केरळ. आमच्या पॅकमधल्या एकाही चॅनलवर ती नव्हती. मला सुट्टी होती, मी स्टेडियमवर गेलो. बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना मोबाइलवर लावून दिलं. सकाळी 24 ला 3, मी तिथं डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि मग दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहिले, 215 ची पार्टनरशिप. नागपूरचं पोरगं, रणजी फायनलमध्ये, घरच्या मैदानावर शंभर. करुण 86 वर रनआउट झाला तेव्हा आजूबाजूचे सगळे एकदम उभे राहिले होते. संध्याकाळी घरी आलो तर बाबांनी स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला, चार्जरची वायर लावलेली, खुर्ची टेबलाला चिकटवलेली, आणि डोळे लाल. दिवसभर सहा इंची स्क्रीनवर बघितलं त्यांनी. म्हणाले, शंभर झाल्यावर त्यानं काय केलं ते नीट दिसलं नाही, तू पाहिलंस ना, सांग. मी सांगितलं. मालेवार दुसऱ्या दिवशी 153 वर आउट झाला, पहिल्या डावात 37 रनची लीड मिळाली आणि मॅच ड्रॉ होऊन त्याच लीडवर आपण रणजी जिंकलो, तिसऱ्यांदा. 2018, 2019 आणि 2025. ज्या माणसानं विदर्भाची टीम वर्षानुवर्षं खालच्या गटात खेळताना पाहिली, पेपरात दोन ओळींची बातमी शोधून वाचली, त्याला तिसरं विजेतेपद घरच्या टीव्हीवर मोठं बघायला मिळायला पाहिजे होतं. ही माझी या सगळ्या व्यवस्थेविषयी सगळ्यात मोठी तक्रार आहे, आणि ती केबलवाल्याकडे नेऊन उपयोग नाही हेही मला माहीत आहे.

केबलवाला किती मधल्यामध्ये सापडतो हे मी नंदनवनला असताना पाहिलंय. 2023 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलिया आलेली, नागपूरची टेस्ट आपण तीन दिवसांत डावानं जिंकली, मग दिल्लीची टेस्ट सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पोर्ट्सची चॅनल गायब. रिचार्ज भरलेला, वायर ठीक, बॉक्सचा लाइट हिरवा. चॅनलवाल्या मोठ्या कंपन्या आणि केबल कंपन्यांची नव्या दरांवरून जुंपली होती आणि ज्यांनी करार केला नाही त्यांचा सिग्नल कापला. जडेजानं तिसऱ्या दिवशी 42 रनमध्ये 7 विकेट घेतल्या, ऑस्ट्रेलिया एका विकेटला 61 वरून 113 ला सगळे आउट, आणि आम्ही ते रेडिओच्या स्कोअरवर ऐकलं. तिथल्या केबलवाल्याच्या दुकानापुढे लोक जमून त्याला शिव्या देत होते, आणि तो बिचारा सांगत होता भाऊ माझ्या हातात काही नाही, वरूनच बंद आहे. त्याच्या घरीसुद्धा टीव्ही बंदच होता.

म्हणून मनीषनगरच्या या मुलाला मी त्या नजरेनं बघतो. 4 ऑगस्टची गोष्ट सांगतो. ओव्हल टेस्टचा पाचवा दिवस, सोमवार, इंग्लंडला 35 रन पाहिजे, आपल्याला चार विकेट. मॅच साडेतीनला. सव्वातीनला बाबांचा फोन आला, आवाज थरथरत होता, म्हणे चॅनल गेलं. आमचं सोनीचं तीस दिवसांचं टाकलेलं होतं, बरोबर त्याच दिवशी संपलं आणि मला एसएमएस आला नव्हता. बाहेर पाऊस, मी ऑफिसात, मुलाला फोन लावला तर तो दुसऱ्याच्या गच्चीवर पावसात केबलचा नोड दुरुस्त करून राहिला होता. मी म्हटलं भाऊ, बाबांची मॅच आहे. त्यानं विचारलंसुद्धा नाही कोणते बाबा. छत्रीखाली उभं राहून मोबाइलवरून कमांड टाकली, तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बाबांचा परत फोन, लागलं म्हणून. सिराजनं तासाभरात खेळ संपवला, इंग्लंडचा जखमी वोक्स एक हात स्वेटरात बांधून मैदानात आला, आणि अ‍ॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला तेव्हा सहा रनांनी जिंकलो. बाबांनी मला फोन केला नाही, मुलाला केला. संध्याकाळी तो पैसे घ्यायला आला तेव्हा आईनं त्याला बसवून चहा-पोहे दिले, त्याचे केस अजून ओले होते.

त्रास काय काय आहे तेही लिहितो म्हणजे घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटणार नाही. मेच्या शेवटी वादळ आलं की लाइट जाते आणि लाइट आली तरी केबल तासभर येत नाही, कारण रस्त्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच लाइनवर आहे. आयपीएलमध्ये दोन मॅचेसचा शेवट असा गेला. बिलावर चॅनलचं नाव येत नाही, नुसती एकूण रक्कम, मागितल्यावरच यादी पाठवतात, आणि ती यादी इंग्रजीत, बाबांना मी वाचून दाखवतो. ऑफिसच्या नंबरवर रविवारी कोणी उचलत नाही, आणि मॅच तर रविवारीच असते, मुलाचा स्वतःचा नंबर नसता तर आमचं कठीण होतं. संपायच्या दोन दिवस आधी मेसेज येतो असं सांगितलं होतं, दहा महिन्यांत मला चार वेळाच आला.

आता आम्ही 340 चा पॅक सोडला. वायरीचं भाडं, मराठीची तीन चॅनल आईसाठी, एक बातम्यांचं, आणि स्पोर्ट्सचं फक्त तेवढं जितकं त्या महिन्यात लागते, दौरा बदलला की एक काढा दुसरं टाका. ऑक्टोबरमध्ये 292 आले, सप्टेंबरमध्ये आशिया कपामुळे थोडे जास्त. हे करायला सुरुवातीला मुलगा नाखूश होता, म्हणे काका दर महिन्याला कोण बदलवते, मी म्हटलं आम्ही बदलवतो, नियमात आहे. दोनदा त्यानं चुकून गठ्ठा परत टाकला, सांगितल्यावर काढला. तुम्ही मनीषनगर-बेसा साइडला राहत असाल आणि कोणाकडून केबल घेत असाल तर पॅकचं नाव विचारू नका, चॅनलचं नाव आणि नंबर सांगा, लाइव्ह येते का ते तिथल्या तिथं लावून बघा, बॉक्स एचडीच मागा, आणि वायर लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोन नंबर घ्या.

पाचपैकी सर्व्हिसला साडेचार, चित्राला एचडी घेतल्यावर चार, पॅक आणि बिलाला दीड. 2025 च्या नोव्हेंबरच्या 14 तारखेपासून साउथ आफ्रिकेची टेस्ट कोलकात्याला होती, बाबांनी त्याआधीच कॅलेंडरच्या मागे चॅनलचा नंबर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि मला तेव्हाच विचारून झालं की तीस दिवस कधी संपतात.